अणुद्रव्याची राखण : कुंपणापासून हिशेबापर्यंत

अण्वस्त्रनिर्मितीस उपयुक्त असे अतिसमृद्ध युरेनियम व प्लुटोनियम जेथे साठविले जाते, त्या स्थळांच्या सुरक्षेचा विचार दीर्घकाळ बाहेरील शत्रू गृहीत धरूनच झाला. कुंपण, सशस्त्र पहारा आणि गुप्तता ही त्याची मुख्य साधने होत. सोव्हिएत संघात याच हेतूने संपूर्ण शहरेच बंदिस्त ठेवण्यात आली होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला आणि या विचाराची मर्यादा उघड झाली.

१९९२ मध्ये मॉस्कोजवळील पोदोल्स्क येथील ‘लूच’ संस्थेच्या एका कर्मचाऱ्याने सुमारे दीड किलोग्रॅम अतिसमृद्ध युरेनियम थोडेथोडे करून घरी नेले. प्रक्रियेत होणारी घट म्हणून जी तूट नियमाने मान्य होती, तिच्या मर्यादेतच त्याने चोरी ठेवली. परिणामी हिशेबात काहीच कमी दिसले नाही. तो पकडला गेला तोही पोलीस दुसऱ्याच एका चोरीचा छडा लावीत असताना. चोर आतलाच असल्याने कुंपण निरुपयोगी ठरले.

या अनुभवाने सुरक्षा तंत्रज्ञानाची दिशा बदलली. १९९४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि रशियन अणुसंस्था यांच्यात थेट सहकार्य सुरू झाले. दारांवर किरणोत्सारशोधक बसले. छेडछाड उघड करणारी सीले, कॅमेरे आणि प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेली संगणकीय नोंद आली. युरेनियमचा किरणोत्सार क्षीण असून शिशाच्या आवरणाने तो सहज झाकता येतो. म्हणून शोधकाच्या जोडीला धातुशोधकही आवश्यक ठरतो. २०१४ च्या अखेरीस रशियाने या सहकार्याचा बहुतांश भाग थांबविला.

तथापि यंत्रसामग्री पुरेशी नसते, हे खुद्द अमेरिकेतच दिसून आले. २८ जुलै २०१२ रोजी टेनेसी राज्यातील ओक रिज येथील ‘वाय-१२’ संकुलात तीन शांततावादी कार्यकर्ते कुंपणे कापून युरेनियमच्या कोठारापर्यंत पोहोचले. त्यांतील एक ८२ वर्षांच्या जोगीण होत्या. कॅमेरे नादुरुस्त होते आणि धोक्याच्या खोट्या सूचना वारंवार येत असल्याने खऱ्या सूचनेकडेही पहारेकऱ्यांनी तत्परतेने पाहिले नाही, असे चौकशीत आढळले.

पोदोल्स्कला तंत्र नव्हते, ओक रिजला ते असूनही दक्षता नव्हती. यंत्र केवळ सूचना देते. तिची दखल घेणे आणि यंत्र दुरुस्त राखणे हे माणसाचेच काम आहे. अणुसुरक्षेचा इतिहास म्हणूनच यंत्रांच्या प्रगतीइतकाच मानवी जबाबदारीचाही इतिहास ठरतो.