वाकोल्याचा 'हमसफर': समलिंगी समाजाचा आधार

वसई-विरारहून मुंबईला जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच, सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोला भागात, समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींसाठी एक हक्काचे ठिकाण उभे राहिले. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली. तिच्या केंद्रासाठी मुंबई महापालिकेने आपल्या इमारतीत जागा दिली. समलैंगिक संबंध गुन्हा ठरत असतानाच्या काळात ही बाब विशेष महत्त्वाची होती.

समुपदेशन, एचआयव्ही तपासणी व कायदेविषयक मदत यांबरोबरच शुक्रवारच्या कार्यशाळा आणि स्नेहमेळावे हे या कार्याचे वैशिष्ट्य ठरले. आपल्या गावात ओळखीचे डोळे चुकवणे कठीण असते. दूरच्या स्थानकावर उतरून मोकळेपणाने बोलता येते.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने असलेले समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला गेला. कायदा बदलला तरी घरच्यांचे मन वळवण्याचे काम उरतेच. म्हणूनच अशा केंद्रांची गरज संपलेली नाही.