दोन आण्यांचा हिशेब

पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय अनेकांनी पाहिलेलं असतं. पण ज्यांचं नाव त्याला आहे, त्या मुकुंदराव जयकरांचा आपल्या पेट्रोलच्या बिलाशीही संबंध आहे. 1927 मध्ये इंग्रज सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली. मोटारी वाढत होत्या आणि रस्ते सांभाळणं प्रांतांच्या, लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर जात होतं. समितीने सुचवलं, पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. 1929 मध्ये गॅलनमागे 2 आणे जादा बसले आणि मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला.

मला या योजनेचा साधेपणा आवडतो. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल, म्हणून जास्त भरेल. नाका नको, पावती नको, कुठे निघालात असं विचारणाराही नको. (नाक्यावरच्या वसुलीला मराठीत जकात म्हणतात. उर्दूच्या तासाला मी हाच शब्द फर्ज असलेल्या दानासाठी शिकवते, तेव्हा मुलं गोंधळतात.)

आता हा हिशेब बिघडतोय. विजेची मोटारही रस्ता वापरते, पण पेट्रोल घेत नाही. जुन्या स्कूटरवर कामाला जाणारा मात्र लिटरमागे भरतच राहतो.

अमेरिकेत पहिला पेट्रोलकर ऑरेगन राज्याने 1919 मध्ये लावला. त्याच राज्याने 2015 मध्ये मैलामागे दीड सेंट घेण्याची ऐच्छिक योजना सुरू केली. न्यूझीलंड त्याआधीच या वाटेवर होतं. तिथे डिझेल गाड्या 1978 पासून किलोमीटरवर पैसे भरतात आणि एप्रिल 2024 पासून विजेच्या मोटारीही, 1000 किलोमीटरला 76 डॉलर. किलोमीटर आधी विकत घ्यायचे. मोजणी गाडीतल्या ओडोमीटरवर, उपग्रहाची सक्ती नाही.

आपल्याकडे सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर उपग्रहाने अंतर मोजून टोल घेण्याचे नियम निघाले, रोज 20 किलोमीटरपर्यंत माफी. हा टोल आहे, पेट्रोलकराला पर्याय नव्हे. पण उद्या तो पर्याय याच यंत्रावर उभा राहिला, तर गाडी किती चालली यासोबत ती कोणत्या मोहल्ल्यात, कुणाच्या दारात थांबली हेही कुठेतरी नोंदलं जाऊ शकेल. करासाठी सरकारला फक्त पहिली गोष्ट हवी. दुसरी मी का द्यावी?

ओडोमीटर मागे फिरवणारे आपल्याकडे कमी नाहीत, हे मान्य. तरी मला तोच मार्ग पटतो. विजेच्या गाडीला पीयूसी लागत नाही, पण विमा काढताना मीटरचा आकडा लिहून घेता येईल.