दर्यावर अंतरलेला पूर्वज



आपला वारंगा फाटा समुद्रापासून दूर. तथापि पोटासाठी दर्यावर जाऊन युद्धात अंतरलेल्या पूर्वजांचे स्मरण आपणांसही उचित आहे. गोव्याचे कित्येक ख्रिस्ती तरुण मुंबईच्या कुडांत उतरून आगबोटींवर चाकरीस लागत. ता. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटानजीक जर्मन पाणबुडीने ‘पर्शिया’ बोट बुडविली. ३०० हून अधिक जीव गेले, त्यांत गोवेकरही होते. त्या महायुद्धात निवर्तलेल्या, कबर नसलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईस आहे. परंतु फर्नांडिस, डिसोझा ही आडनावे घरोघर! यास्तव बाप्तिस्म्याच्या वहीतील आईबापांची नावे व गाव ताडल्यावाचून आपला पूर्वज ठरवू नये. ज्याच्या कबरीवर फूल वाहता येत नाही, त्याच्यासाठी खऱ्या नावाने मिस्सा तरी अर्पावी.