मीटरगेजचे उरलेसुरले दक्षिणायन

1870 च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी मीटरगेजची निवड केली. रुळांमधले अंतर अवघे एक मीटर! पुढे दक्षिण भारतात या रुळांचे मोठे जाळे पसरले. 1992 साली सगळे रूळ ब्रॉडगेज करण्याची एकगेज योजना आली आणि ते झपाट्याने आटू लागले. उरलेसुरले पाहायला निघालेला रेल्वेवेडा म्हणूनच कोइमतूरजवळचे मेट्टुपाळयम गाठतो.

तिथून निलगिरीची मीटरगेज गाडी उटीला जाते, अंतर सुमारे 46 किलोमीटर. कुन्नूरपर्यंतचा मार्ग 1899 मध्ये खुला झाला, उटीला गाडी पोहोचली 1908 मध्ये.

खरी मौज वाटेतल्या कल्लार स्थानकानंतर. साडेबारा फूट पुढे गेले की एक फूट वर, असा इथला चढ. नुसती चाके घसरतील, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. इंजिनाखालचे दंतचक्र त्यांत अडकत वर चढते. इंजिन मात्र मागे, उताराच्या बाजूला. ते गाडी ओढत नाही, ढकलते. माथेरानची गाडी याहून अरुंद, दोन फुटी रुळांवरची. पण तिला दातेरी पट्टी लागत नाही, ती वळणे घेत चढते.

कोल्लम–सेनकोट्टई या 1904 च्या घाटमार्गाचे नशीब वेगळे. तो ब्रॉडगेज होऊन 2018 मध्ये पुन्हा सुरू झाला. तेन्मलाजवळचा तेरा कमानींचा पूल टिकला, हे बरे झाले.

निलगिरीच्या गाडीला 2005 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. तिची जुनी इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची. नवी वाफेची इंजिने मात्र तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात घडली, तीही एकविसाव्या शतकात.