सात मतं, एक स्थगिती आणि तिहारची चिठ्ठी

राजकारणी माणूस न्यायाधीश झाला असं वाचलं की मला आधी शंका येते. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्याबद्दलही आली. १९७३ मध्ये ते सुप्रीम कोर्टात जाणार म्हटल्यावर मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनीही विरोध केला होता, म्हणजे मी एकटा नाही.

अय्यर केरळमधल्या थलश्शेरीचे वकील. कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून १९४८ मध्ये महिनाभर तुरुंगात होते. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत आमदार, १९५७ मध्ये नंबुद्रीपादांच्या मंत्रिमंडळात अपक्ष मंत्री. गृह, कायदा, वीज आणि तुरुंग, सगळं त्यांच्याकडे. १९५९ मध्ये केंद्राने ते सरकारच बरखास्त केलं. पुढच्या निवडणुकीत ते ७ मतांनी पडले, मग कोर्टात जाऊन जिंकले. १९६५ मध्ये मात्र सरळ हरले. १९६८ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश.

आता २४ जून १९७५. अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केलेली, सुप्रीम कोर्टाला सुट्टी, आणि सुट्टीतले न्यायाधीश अय्यर. इंदिराबाईंच्या बाजूने पालखीवाला, समोर शांतिभूषण. अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बोला, पण खासदार म्हणून मत द्यायचं नाही, मानधन घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी लागली.

पूर्ण स्थगिती नाकारली म्हणून एक बाजू चिडली, पद ठेवलं म्हणून दुसरी. मला विचाराल तर हा निकाल धाडसी नव्हता. निवडणूक अपिलात अशी सशर्त स्थगिती देण्याचा रिवाजच होता. समोर पंतप्रधान असूनही तो मोडला नाही, एवढंच. पण केंद्राने ज्याचं मंत्रिपद घालवलं, त्याला हिशेब चुकता करायला याहून सोपी संधी कुठली मिळाली असती?

त्यांचा राजकीय भूतकाळ दिसतो तो दुसरीकडे. तिहारमधल्या सुनील बात्रा नावाच्या कैद्याने चिठ्ठी लिहिली, की वॉर्डर पैशांसाठी दुसऱ्या एका कैद्याचा छळ करतोय. अय्यर यांच्या खंडपीठाने ती चिठ्ठीच याचिका मानली. एका गवंड्याला जामिनासाठी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता. अय्यर यांनी १,००० च्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. (त्यांचं इंग्रजी भयंकर अवघड आहे, डिक्शनरी उघडी ठेवूनच वाचा.)

तुरुंग त्यांनी कैदी म्हणून पाहिला होता आणि मंत्री म्हणूनही. बात्राची चिठ्ठी आली तेव्हा त्यांना वॉर्डर कोण असतो हे समजावून सांगावं लागलं नसणार.