मोरस बेटावरचे रत्नागिरीकर

रत्नागिरी जिल्ह्याच्या स्थलांतराचा इतिहास सहसा मुंबईच्या गिरणीत, गोदीत आणि पलटणीत शोधला जातो व तेथे तो विपुल सापडतोही. परंतु याच किनाऱ्यावरची काही माणसे मुंबईला उतरून तेथेच थांबली नाहीत, तर हिंदी महासागर ओलांडून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली आणि त्यांचे वंशज आज एका स्वतंत्र राष्ट्राचे नागरिक आहेत, ही बाब जिल्ह्याच्या स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली आहे. मराठीत तिची खूण उरली ती एका शब्दापुरती. पांढऱ्याशुभ्र दाणेदार साखरेला जुन्या पिढ्या ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. ही साखर कोणाच्या कष्टातून येते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 रोजी अमलात आला आणि त्याच्या आगेमागेच तेथील मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून कराराचे मजूर आणण्यास सुरुवात केली. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा उत्तरेत ‘गिरमिट’ असा उच्चार झाला, त्यावरून अशा मजुराला ‘गिरमिटिया’ हे नाव पडले. छळाच्या तक्रारींमुळे काही वर्षे बंद पडलेली ही वाहतूक 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान होता, पण त्यातील मराठी मजूर प्रामुख्याने रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर आणि सातारा या भागांतले होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे, तो असा की त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण आणि वेंगुर्लेही येत, कारण सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. कातळाची जमीन, पावसाळ्यापुरती शेती आणि खोती, म्हणजे गावचा सारा सरकारात भरण्याचा हक्क वंशपरंपरेने धारण करणाऱ्या खोताला कुळाने उत्पन्नाचा मोठा हिस्सा देण्याची पद्धत, या तिन्हींच्या चापात सापडलेल्या कुटुंबाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा हे आमिष लहान नव्हते.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर, ज्याला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि ज्याला 2006 मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तेथे प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत त्याचे नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरची खूण लिहिली जाई. पुढे मजुराचे किंवा त्याच्या बापाचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले आणि रामजी, सखाराम यांसारखी नावे फ्रेंच-इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली. गावाकडचे खरे आडनाव हरवले.

करार संपवून बेटावर राहिलेल्यांना ‘जुने आप्रवासी’ म्हणत. वास्तविक ते आता मोकळे रहिवासी होते. तरी 1867 च्या कायद्याने त्यांना स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले आणि तो न दाखविणाऱ्याला भटक्या ठरवून पकडण्याची मुभा पोलिसांना दिली. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिलेल्याचा दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत आधीपासून होतीच. गुलामगिरी कागदावर संपवून वेगळ्या कागदाने माणसाला जखडून ठेवण्याचा हा प्रकार होता, असे म्हणण्यास कोणताही संकोच वाटू नये. ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपीय मळेवाल्याच्या पुढाकाराने 1871 मध्ये 9,401 जुन्या आप्रवाशांच्या वतीने गव्हर्नराकडे अर्ज गेला, त्यावरून शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या 1875 च्या अहवालाने या छळावर शिक्कामोर्तब केले.

हक्क मिळाले ते मात्र फार संथपणे. 1880 नंतर मोठे मळे तुकड्यांनी विकले जाऊ लागले, तेव्हा मजुरांनी पै-पै साठवून जमिनी घेतल्या. पण 1885 च्या राज्यघटनेतील मताधिकार मालमत्तेवर आधारलेला असल्याने बहुसंख्य असूनही भारतीय वंशाचे लोक कायदेमंडळाबाहेरच राहिले, आणि त्यांचे पहिले प्रतिनिधी निवडून येण्यास 1926 साल उजाडले. बेटावर प्रचलित असलेल्या भाषांपैकी एकीत साधे लिहिता-वाचता येणाऱ्यास मत मिळाले, ते 1948 च्या निवडणुकीत. त्यासाठी गावोगावच्या बैठकांत प्रौढ माणसे अक्षरे गिरवू लागली. प्रौढ मताधिकार 1959 च्या निवडणुकीत आला आणि 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला.

याच काळातील अमेरिकेशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. तेथे 1790 च्या कायद्याने परकीयाला नागरिकत्व देण्याची अट ‘गोरा असणे’ ही घातली होती. 19 फेब्रुवारी 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे मानण्यास नकार दिला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्या निकालाच्या आधारे सरकारने भारतीयांची आधी दिलेली नागरिकत्वे काढून घेण्यास आरंभ केला व पंडितांचे 1914 मधील नागरिकत्वही रद्द करू पाहिले. परंतु एकदा न्यायालयाने दिलेला निर्णय पुन्हा उकरता येत नाही, या मुद्द्यावर ते स्वतःचा खटला जिंकले. भारतीयांना तेथे नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो 1946 मध्ये. अमेरिकेत एकेका माणसाला आपला वर्ण न्यायालयात सिद्ध करावा लागला. मॉरिशसमध्ये मजुरांच्या पिढ्यांनी जमीन, अक्षर आणि मत या क्रमाने समानतेपर्यंतची वाट चालून काढली.

अर्थात मतपेटीने सर्वच प्रश्न सुटले नाहीत. मॉरिशसच्या राज्यघटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उर्वरित असे चार समाज मानले व विधिमंडळातील आठ अतिरिक्त जागा त्या हिशेबाने वाटल्या, ज्यासाठी आजही 1972 च्या जनगणनेतील आकडे वापरले जातात. त्या वर्गवारीत मराठी माणूस ‘हिंदू’ या खान्यात विरघळतो. घरची बोली क्रिओल झाली. मराठीपण टिकले ते सणांत, कारण गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते आणि मराठी वस्त्यांत ढोलकीच्या तालावर ‘झाकरी’ नाचली जाते. चिपळूण-गुहागरकडच्या कोणालाही हे नाव समजावून सांगावे लागू नये. ती कोकणातली जाखडीच आहे, पायातल्या चाळांसह समुद्रापार गेलेली.

भारताने 2024 मध्ये मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ म्हणून नोंदणीसाठी पात्र ठरविले. त्यासाठी मूळ पूर्वजाचा पुरावा लागतो, आणि तो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्याच नोंदवह्यांत मिळतो, ज्यांत मजुराच्या क्रमांकापुढे त्याच्या जिल्ह्याचे आणि गावाचे नाव लिहिलेले आहे.