मॉरिशस : ऊस, कोळसा आणि सूर्य यांच्यामधली वीज

मॉरिशस हे हिंदी महासागरातील सुमारे साडेबारा लाख लोकवस्तीचे बेट. तेथे तेल, वायू किंवा कोळसा यांपैकी काहीही सापडत नाही. तरीही बेटावरची बहुतेक वीज आयात केलेले जड इंधन तेल आणि कोळसा जाळूनच तयार होते. सूर्य, वारा, पाणी आणि ऊस यांपासून मिळणाऱ्या विजेचा वाटा अलीकडच्या काळात साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिला आहे. जगात इंधनाचे भाव चढले की त्याची झळ थेट बेटाला बसते.

बाजाराची रचना

१९५२ मध्ये स्थापन झालेले सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड हे सरकारी मंडळ वीज वाहून नेते आणि ग्राहकांना विकते. निर्मिती मात्र ते एकटे करत नाही. साखर उद्योगाशी निगडित खासगी कंपन्या दीर्घ मुदतीच्या करारांनी मंडळाला वीज विकतात.

उसाची वीज

या कंपन्यांची पद्धत महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीसारखीच आहे. जून ते डिसेंबर या गाळप हंगामात बॉयलरमध्ये बगॅस जाळला जातो. फरक पुढे आहे : हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये आयात कोळसा टाकून वीजनिर्मिती चालू ठेवली जाते. एकोणिसाव्या शतकात भारतातून गेलेल्या मजुरांनी, ज्यांत मराठी भाषकही होते, ज्या मळ्यांत घाम गाळला, त्याच मळ्यांवर आज बेटाची मोठी हरित ऊर्जा उभी आहे.

पण ऊस घटतो आहे. १९७० च्या दशकात साखरेचे उत्पादन वर्षाला सात लाख टनांपर्यंत गेले होते. आता ते अडीच लाख टनांच्या खाली आहे. युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कमी केला आणि २००९ मध्ये जुना साखर करार संपला. अनेक छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला. ऊस कमी म्हणजे बगॅस कमी, आणि बगॅस कमी म्हणजे कोळसा जास्त. म्हणून सरकारने बगॅससाठी शेतकऱ्यांना मिळणारा मोबदला वाढवला, तसेच उसाचे पाचटही इंधन म्हणून वापरात आणले जात आहे.

सूर्य आणि वारा

२०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवायची आणि कोळसा बंद करायचा, असे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. बांबू गावाजवळचा सौर प्रकल्प २०१४ मध्ये, तर प्लेन दे रोश येथील पवनऊर्जा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. भारताच्या साहाय्याने आठ मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचे काम २०२२ मध्ये हाती घेण्यात आले.

खरी अडचण कुठे?

ऊन मुबलक आहे. अडचण ग्रिडची आहे. महाराष्ट्रात वीज कमी पडली तर ती राष्ट्रीय ग्रिडमधून दुसऱ्या राज्याकडून घेता येते. मॉरिशसला शेजारी नाही. एक मोठा ढग सौर पॅनेलवरून सरकला, तर तेवढी वीज काही क्षणांत बेटावरच उभी करावी लागते. शिवाय मागणी रात्रीही मोठी असते. त्यामुळे प्रत्येक नव्या सौर प्रकल्पासोबत बॅटरीचा खर्च येतो. चक्रीवादळे हा वेगळा धोका. म्हणूनच रॉड्रिग्ज बेटावर वादळाआधी जमिनीवर आडव्या करता येतील अशा पवनचक्क्या बसवल्या आहेत.

यामुळेच उसाचे महत्त्व टिकून आहे. बगॅस साठवता येतो आणि गरजेच्या वेळी जाळता येतो. उन्हाचे तसे नाही. मॉरिशसमध्ये ऊस टिकवणे हा केवळ शेतीचा प्रश्न नाही, तो विजेचाही आहे.